आण्णांच्या डोक्याचा पुरवठा

आमच्या गल्लीतले पारीसआण्णा वर्षातून एकदा, ठरलेल्या सकाळी, बायकोशी ठरवून भांडत. ठरवून म्हणजे अगदी आदल्या दिवशी आठवण देऊन. "उद्या भांडायचं हाय बरं का," असं ते जेवता जेवता सांगायचे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, "ठावं हाय. किती येळा सांगशीला?" म्हणून त्यांच्या ताटात भाकरी टाकायच्या. बाकी वर्षभर ही दोघं भांडत नसत असं नाही. पण ती भांडणं हौसेची. हे एक भांडण मात्र शास्त्रासाठी होतं.

शास्त्राचा आणि नवराबायकोच्या भांडणाचा संबंध काय, हे सांगायचं तर आधी आण्णांचं डोकं समजून घ्यायला हवं. तेच अवघड आहे.

आण्णा पाणी खात्यात होते. मी मलकापूरहून लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा सगळ्यात आधी जो परका पुरुष ओळखायला शिकले तो हा. उजाडायच्या सुमाराला खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून ते यायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे आणि आत चावी घालून अंगातल्या सगळ्या जोरानं फिरवायचे. मग घराघरातले नळ आधी नुसते फुसफुसायचे, खोकायचे, आणि मग पाणी यायचं. अख्खी गल्ली एकदम जागी व्हायची. घागरी, बादल्या, पिंपं, कुणाचं कुणाला ओरडणं, कुणाचा नळ आधी आला यावरून रुसवे. आता प्रत्येकाच्या गच्चीवर टाकी आहे, मोटर आहे. पाणी कधी येतं आणि कधी जातं, कुणाला पत्ता नसतो. शेजारणीचं तोंडसुद्धा दिवसदिवस दिसत नाही. सोय झाली, नाही कोण म्हणतं? पण ती सकाळ गेली ती गेलीच, आणि मला तिची फार आठवण येते.

तर असं सगळं आयुष्य पाण्यात गेल्यामुळे आण्णांना जगात दुसरं काही दिसतच नसे. "तब्येत कशी आहे आण्णा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "पुरवठा सुरळीत हाय." कुणी काही विसरलं की म्हणायचे, "दाब कमी पडलाय तुझा." आणि डोकं म्हणजे त्यांच्या लेखी टेकडीवरची टाकी. "उताराला पाणी कुनीबी न्हेतंय, सुनंदा," ते मला सांगायचे. "चढाला न्यायला दाब लागतोय. हृदय खाली, डोस्कं वर. मानंतनं दोन मोठ्या लाइनी गेल्यात, मागनं दोन बारक्या. जवान हाय तवर काय वाटत न्हाय. म्हातारपनी लाइन गंजली की संपलंच की."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं तर त्यामागची भीती माहीत नसायला हवी होती. मला ती माहीत होती. आण्णांचे थोरले भाऊ कागलकडे शेतावर राहायचे. त्यांच्याच हाताखाली आण्णा वाढले. शेवटी शेवटी त्या भावाला काही आठवेना. आण्णा एकदा त्यांना भेटायला गेले, पायाला हात लावला, तर भावानं मोठ्या अदबीनं विचारलं, "बसा की. कुनीकडनं आलासा पावणं?"

आण्णा परत आले ते कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून म्हणाले, "मरायचं भ्या न्हाय गं मला. पर उद्या मी आक्कीला 'बाई, तुमी कोन?' म्हनून इचारलं तर? जन्मभर माझ्यासंगं राबली ती. तिनं काय करायचं?"

म्हणून मग एका दवाखान्यात निरोगी म्हाताऱ्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजणार आहेत, आणि एकदाच नाही तर दरवर्षी मोजून तो तसाच राहतो की घटतो ते बघणार आहेत, असं कानावर आल्याबरोबर आण्णा तिथं जाऊन बसले. नाव नोंदवून घेणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या. आण्णा त्यांना 'मॅडम' म्हणत आणि त्या आण्णांना 'काका'. मॅडमनी बीपी बघितलं, साखर बघितली, चार प्रश्न विचारले आणि आण्णांना निरोगी ठरवलं. त्या दिवशी आण्णांनी गल्लीत पेढे वाटले. मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा बर्फीवर भागवलं होतं.

पहिल्या तपासणीहून आले ते भारावूनच. कानशिलावर गार गार काहीतरी चोपडतात, त्यावर पेनाएवढी दांडी टेकवतात, आणि मशीनमधून आपल्याच डोक्यातल्या रक्ताचा आवाज येतो. "फुस्स, फुस्स, फुस्स. नळाला पानी याच्या आधी येतोय न्हवं, तस्साच! मी म्हनालो, मॅडम, आता बादली लावा!" गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी तो आवाज तोंडानं काढून दाखवला. आमच्या सासूबाईंना दोनदा.

निघताना मॅडम सहज म्हणाल्या होत्या, "काका, पुढच्या वर्षी येताना आज आलात तसेच या हं. तीच वेळ, चहा नको, तंबाखू नको. सगळं सारखं असलं म्हणजे तुलना करता येते."

सगळं सारखं! चावी एकदा किती फिरवायची ठरली की जन्मभर तेवढीच फिरवणारा हा माणूस. त्याला ही सूचना देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

दुसऱ्या वर्षी आण्णांनी तोच शर्ट घातला. तीच टोपी. तीच रिक्षा पाहिजे म्हणून शोधायला गेले तर रिक्षावाल्यानं रिक्षा विकून भाजी वाहायचा टेम्पो घेतलेला. आण्णा टेम्पोत बसून गेले. "ड्रायव्हर तोच हाय न्हवं? मग झालं." पहिल्या वर्षी मी नेमकी दारात सडा टाकत होते आणि न राहवून विचारलं होतं, "कुठं निघाला आण्णा?" आता शुभकामाला निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, हे मलकापुरात काय आणि कोल्हापुरात काय, सगळीकडे सारखंच. आण्णा तेव्हा वैतागून माघारी गेले होते आणि घोटभर पाणी पिऊन परत निघाले होते. झालं! तेव्हापासून दरवर्षी मी त्या सकाळी बादली घेऊन दारात उभं राहायचं, "कुठं निघाला आण्णा?" म्हणायचं, त्यांनी वैतागायचं, माघारी जायचं. माझे मिस्टर खिडकीतून हे बघायचे आणि पोट धरून हसायचे.

आणि भांडण. पहिल्या वर्षी निघायच्या आधी आक्कांशी खरंखुरं भांडण झालं होतं. कारण जुनंच. आमची गल्ली चढावर, आणि त्यात आण्णांचं घर शेवटचं. सगळ्यात कमी पाणी त्यांच्याच नळाला. चावी नवऱ्याच्या हातात, पण दुसऱ्या गल्लीला कमी पडेल म्हणून आण्णांनी ती आपल्या गल्लीसाठी कधी जास्त वेळ उघडी ठेवली नाही. आक्का आयुष्यभर खालच्या घरांतून घागरी भरून वर आणत राहिल्या. त्या सकाळी चहा नाकारला म्हणून त्या भडकल्या आणि सगळं बाहेर आलं.

"अख्ख्या गावाला पानी सोडलासा, माझ्या घागरीला मातूर थेंब न्हाय!"

"गावाचं पानी हाय ते. तुझ्या बापाचं न्हाय."

"माझ्या बापाच्या हिरीला बारमाही पानी हाय! हुपरीत जाऊन बघा जावा!"

एवढंच. पण हेच पुढच्या वर्षी पुन्हा व्हायला हवं, शब्दाला शब्द. आक्का ठसक्याच्या, हजरजबाबी. त्यांना तेच तेच बोलायचा कंटाळा यायचा. एकदा त्यांनी मध्येच नवी भर घातली, "आनि सासूबाईनी मला दिल्याली पैंजनं सुदिक हलकी हुती." आण्णा हातानं थांबवत म्हणाले, "हे मागल्या खेपंला नव्हतं. पैल्यापासनं घे." एका वर्षी 'तुझ्या बापाचं न्हाय' म्हटल्याबरोबर आक्कांना हसू फुटलं. काही केल्या थांबेना. पदर तोंडात कोंबून त्या ओट्याला टेकल्या आणि त्यांना बघून आण्णाही हसले. मग टेम्पोत बसल्यावर त्यांचा चेहरा पडला. "इस्कटलं सगळं. आज दाब बिघडनार." दुपारी परत आले ते लांबूनच हात वर करून. "जैसे थे!"

दरवर्षी तेच यायचं. मॅडम म्हणायच्या, "काका, जिथल्या तिथं आहे सगळं," आणि आण्णा घरी येऊन आक्कांना सांगायचे, "अजून एक वरीस तुला वळखतोय गं." आक्का म्हणायच्या, "माझं नशीब!" आणि आतल्या आत इतक्या खूश व्हायच्या की त्या दिवशी पुरणपोळी ठरलेली. आमच्याकडेही यायची. तशी पुरणपोळी मी परत कुठं खाल्ली नाही.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. चार दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. धास्ती आण्णांच्या डोक्याची होती, धडधाकट आक्काच निघून गेल्या.

मुलगा पुण्याला चला म्हणाला, आण्णा गेले नाहीत. डबा मी द्यायचे. तो अर्धा परत यायचा. 'पुरवठा सुरळीत हाय' हे वाक्य गल्लीत ऐकू येईनासं झालं. उन्हाळा सरता सरता दवाखान्यातून तपासणीचा फोन आला. मला वाटलं आता काही हे जायचे नाहीत. तर संध्याकाळी दारात येऊन उभे. दाढी केलेली.

"सुनंदा, उद्या सकाळी जरा भांडायला येशील?"

मी गेले. नाही कसं म्हणणार? आण्णा तोच शर्ट घालून खुर्चीवर बसलेले. मी ओट्यापाशी उभी राहिले. ओटा पुसलेला, कोरडा. मी म्हटलं, "अख्ख्या गावाला पाणी सोडलंत, माझ्या घागरीला मात्र थेंब नाही."

"तसं न्हाय," आण्णा म्हणाले. "सोडलासा. मातूर. आनि जरा वरडून."

मी पुन्हा म्हटलं. जमेल तेवढं ओरडून. आता त्यांची पाळी होती. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"तुझ्या बापाला कशाला मधी आनू, पोरी?" ते हळूच म्हणाले. "लई देवमानूस हुता. ऱ्हाऊ दे. तसं बी आज फरक पडनारच हाय."

त्यांना एकटं सोडवेना म्हणून टेम्पोत मीही बसले. वाटेत ते एकदाच बोलले. "मॅडमना आधीच सांगाय पायजे. येवडा फरक बघून घाबरतील बिचाऱ्या."

खोली गार होती. आण्णा कॉटवर आडवे झाले. मॅडमनी कानशिलाला जेल लावलं, दांडी टेकवली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ऐकला. फुस्स, फुस्स, फुस्स. आण्णा काढून दाखवायचे अगदी तसाच. मॅडम पडद्यावर बघत राहिल्या, दोन्ही बाजूंनी मोजलं, जुने आकडे काढून ताडून बघितले. मग हसल्या.

"काका, कमाल आहे तुमची. गेल्या वर्षीसारखंच. काही म्हणजे काही फरक नाही."

माझा जीव भांड्यात पडला. आण्णा मात्र उठून बसले.

"काय बी न्हाय?"

"काही नाही. एकदम छान."

"नीट बगा मॅडम."

"बघितलं काका. दोनदा बघितलं."

कानशिलावरचं जेल ओघळून गालावर आलं तरी आण्णांनी पुसलं नाही. "आसं कसं हुईल?" ते म्हणाले. "मागल्या खेपंला ती हुती. घरात भांडून आलतो मी. आता ती न्हाय. घरात पाय टाकला की कुटं आलोय तेच मला उमगंना झालंय. आनि तुमी म्हनताय, फरक न्हाय? येवडी बाई गेली, आनि डोस्क्याला पत्ता बी न्हाय?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच सांगितलं. त्यांना कळलं.

"तुमचं मशीन बिघडलंय," आण्णा म्हणाले. आवाज चिडका होता, पण विनवणीचा होता. "परत लावा. कुटंतरी कमी आलंच पायजे."

बाहेर दोघंतिघं म्हातारे नंबर लावून बसले होते. मॅडम आधुनिक शिक्षणाच्या, रक्त वाहतं तेवढंच हे यंत्र सांगतं, असं त्या समजावू शकल्या असत्या. पण त्यांनी आण्णांना खांद्याला धरून परत आडवं केलं, नव्यानं जेल लावलं आणि दांडी टेकवली.

फुस्स, फुस्स, फुस्स. तोच आवाज, त्याच लयीत. आण्णा डोळे मिटून कान देऊन ऐकत होते, कुठं अडखळतोय का म्हणून. तो कुठंच अडखळला नाही. मग मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानशिलावर उतरलं. दांडी घसरली, आवाज तुटला. मॅडमनी कापसानं ते पुसलं, "काका, घाई नाही," म्हणाल्या, आणि दांडी पुन्हा जागेवर धरून तशाच बसून राहिल्या.