बगळ्याने गिळलेला वाढदिवस

रविवारी दुपारची जेवणं आटोपून सगळे बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे जमले, तेव्हा जावईबापू बाथरूममध्ये बूट धुवत बसले होते. बूट स्वच्छ होऊन अर्धा तास झाला होता, तरी ते धुतच होते.

"अहो, येताय ना?" बायकोने दारावर थाप मारली. "ताईला संध्याकाळी निघायचंय. आईच्या वाढदिवसाचे फोटो बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणतेय."

"आलोच," म्हणत त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

जावईबापू पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. तेवीस वर्षांत त्यांची एक रेघ चुकली नव्हती. पण मध्यंतरी हातात कॅमेरा आला आणि त्यांना बगळ्यांनी झपाटलं. दर रविवारी उजाडायच्या आत ते गावाबाहेरच्या पाणथळीत जाऊन लव्हाळ्यात गुडघाभर चिखलात उभे राहत आणि बगळा हलायची वाट बघत. बगळा त्यांच्या जाण्याची वाट बघे. बहुतेक वेळा बगळाच जिंके. घरच्यांना या छंदाचा फायदा एवढाच, की कार्यक्रमाला फोटोग्राफर शोधावा लागत नसे.

आदल्या दिवशीचा कार्यक्रमही तसाच, घरातला. सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. थोरली मुलगी अकरा वर्षांनी परदेशातून आली होती. तिन्ही मुलं एका खोलीत सापडण्याचा असा योग पुन्हा कधी येणार, हे कुणीच बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. फोटोंचं काम अर्थातच जावईबापूंकडे होतं.

आणि आज सकाळी पाणथळीत तो राखी बगळा आला. चांगला कमरेइतका उंच. त्याने चोच पाण्यात खुपसली आणि हातभर लांब, सापासारखी वाम मासळी बाहेर काढली. वाम त्याच्या मानेला विळखे घालू लागली. असं दृश्य जावईबापूंनी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. 'कार्ड भरले आहे,' कॅमेरा म्हणाला.

थंडीने बोटं आखडलेली, त्यात चिखल. दोन-चार खराब फोटो पुसावेत म्हणून त्यांनी बटणं दाबली, तर 'सर्व पुसायचे?' असा प्रश्न आला. त्यांनी 'हो' म्हटलं. चुकून म्हटलं, असं ते नंतर सगळ्यांना सांगणार होते. पण दाबण्याआधी अर्धा क्षण त्यांना सासूबाईंचा चेहरा आठवला होता, आणि त्याच अर्ध्या क्षणात वाम सुटू पाहत होती. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

शेवटी बूट झिजायची वेळ आली, तेव्हा ते बाहेर आले.

"कार्ड... जरा बिघडलंय," ते टीव्हीकडे बघत म्हणाले. "दुकानात दाखवावं लागेल. मी फोटो नंतर पाठवतो."

"नंतर कशाला?" मेहुणा लगेच उठला. सासूबाईंचा हा धाकटा मुलगा भलताच मदतीला तत्पर. "माझा मित्रच आहे फोटोवाला. दुकान उघडं असतं त्याचं. चला भावजी, गाडी काढतो."

"अरे, तू कशाला त्रास..."

"त्रास कसला? आईसाठी एवढंही नको करायला?"

जावईबापू गाडीत बसले.

फोटोवाल्याने कार्ड आपल्या संगणकाला लावलं आणि पडदा राखी रंगाने भरून गेला. बगळा. बगळा आणि वाम. बगळा, वाम आणि लव्हाळं. शेवटी नुसतं लव्हाळं.

"कार्ड तर ठणठणीत आहे," फोटोवाला म्हणाला. "चारशे बारा फोटो आहेत. सगळे बगळे."

मेहुण्याने पडद्याकडे पाहिलं, मग भावजींकडे. जावईबापू भिंतीवरच्या पासपोर्ट फोटोंचं निरीक्षण करू लागले.

"वाढदिवस कुठाय?"

"पुसला गेला," जावईबापू पुटपुटले.

"मग परत मिळतील की!" फोटोवाला उत्साहाने म्हणाला. "पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. फक्त त्यावर नंतर काही काढलेलं नसलं पाहिजे." मग त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे, चारशे बारा काढले नसते, तर सगळे मिळाले असते."

तासाभराच्या खटपटीनंतर एक फोटो सापडला. त्यात सासूबाई फक्त कपाळापर्यंत होत्या. भुवयांच्या खाली राखी पट्टे होते. फोटोवाल्याने तो तसाच कागदावर छापून दिला.

परतताना मेहुण्याने गाडीतला रेडिओ लावला. तो ओरडला असता, तर जावईबापूंना बरं वाटलं असतं. घरी आल्यावर त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. कार्ड, बगळा, बिघडल्याचं खोटं. बायकोने मान फिरवली. थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं.

सासूबाईंनी मात्र ते कपाळ हातात धरून नीट न्याहाळलं. "टिकली सरळ आलीय," त्या म्हणाल्या. "जाऊ दे गं. मुद्दाम का केलंय त्यांनी? चूक कुणाच्याही हातून होते. बसा तुम्ही, जावईबापू. चहा टाक गं त्यांना."

जावईबापू खुर्चीच्या कडेवर टेकले. चहा आल्यावर त्यांनी तो बशीत ओतून घेतला.

"अरे, थांबा!" थोरली एकदम म्हणाली. "आईचं गाणं मी मोबाईलवर घेतलंय की! अख्खं!"

खोलीत जीव आला. मेहुण्याने मोबाईल टीव्हीला जोडला. पडद्यावर सासूबाई खुर्चीत बसून गात होत्या. कितीतरी वर्षांनी. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला शब्द आठवेनात. त्या थांबल्या, ओशाळून हसल्या. आणि थोरलीने पुढचा शब्द दिला, मग जावईबापूंच्या बायकोने, मग मेहुण्याने, आणि गाणं सगळ्यांचं झालं. बघता बघता सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बायकोचे डोळे भरले. तिने मायेने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तिने तो काढून घेतला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, एक पाठ दिसत होती. निळ्या सदऱ्याची. पाठीच्या मालकाचा कॅमेरा डोळ्याला होता, आणि कॅमेऱ्याचं तोंड खिडकीबाहेर.

"हे तुम्ही ना?" बायकोने अगदी हळू विचारलं.

"समोरच्या झाडावर..." जावईबापू म्हणाले. "बगळे उतरत होते. त्या वेळेलाच उतरतात ते."

"म्हणजे आईच्या गाण्याचा एकही फोटो काढलाच नव्हता?"

"नाही."

मुद्दाम का केलंय, असं आता कुणी म्हणालं नाही. सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"ऐकू तरी येत होतं का?" त्यांनी विचारलं.

"येत होतं," जावईबापू म्हणाले. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"पुन्हा लाव रे पहिल्यापासून," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "आणि जावईबापू, तुम्ही असे पुढे येऊन बसा. नीट दिसेल."

जावईबापू टीव्हीपुढे सतरंजीवर मांडी घालून बसले. गाणं पुन्हा सुरू झालं. चार मिनिटांचं होतं. त्यांनी ते सगळं ऐकलं, आणि मागे बसलेले सगळे कुठे बघताहेत, हे त्यांना वळून न बघताही कळत होतं. चार मिनिटांत ती पाठ एकदाही वळली नाही.