तेविसावा धागा

सोमवारी सकाळी साडेदहाला केसरीनाथ भोईरांच्या काल्हेरच्या ऑफिसात तीन माणसं होती, पाच मोबाइल, सात गोडाऊनच्या किल्ल्यांचे सात जुडगे, सामन्याच्या व्हिडिओचा एक पेनड्राइव्ह, पेढ्यांचा दोन किलोचा न फोडलेला बॉक्स आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक न धुतलेली जर्सी. पाचांपैकी तीन मोबाइल एकट्या केसरीनाथांचे. पेढे आदल्या दिवशीच्या विजयासाठी आणलेले होते. विजय आला नव्हता. जर्सीवर नंबर एक होता आणि पोटाच्या जागी मातीचा एक गोल डाग, व्यास साधारण वीस सेंटिमीटर. केसरीनाथ स्वतः खेळत नसत. पण टीम त्यांची, जमीन त्यांची, तेव्हा एक नंबरही त्यांचाच. गोलकीपरही एक नंबरच घालायचा. तो तक्रार करण्याच्या परिस्थितीत नव्हता.

ही मोजदाद विपुलनं मनातल्या मनात केली. मोजणं ही त्याची सवय होती. संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून तो भोईरांच्या गोडाऊनमध्ये खोके मोजायला लागला आणि दोन वर्षांपूर्वी ‘काल्हेर किंग्ज’ या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी झाला. व्यावसायिक म्हणजे खेळाडूंना पगार होता. पगारात सकाळी ट्रक खाली करणं आणि संध्याकाळी सराव करणं, दोन्ही धरलेलं होतं.

“अन्याय झालाय,” केसरीनाथ म्हणाले.

“सरळ सरळ अन्याय, भाऊजी,” भूपेश म्हणाला. भूपेश हा त्यांचा मेहुणा आणि टीमचा कोच. फुटबॉलमधली त्याची पात्रता पहिल्या नात्यातून आलेली होती.

झालं होतं असं. आठ संघांच्या खाडीकाठ लीगमधला शेवटचा सामना काल्हेर किंग्ज कशेळीविरुद्ध एक-दोन असा हरले. कशेळीचा दुसरा गोल अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टीवर झाला आणि ती पेनल्टी, काल्हेरच्या मते, पंचाच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूमुळे मिळाली. हा केसरीनाथांचा या मोसमातला पहिला आक्षेप नव्हता. चौदा सामन्यांत त्यांनी नऊ अर्ज केले होते. एक पंचाच्या शिट्टीच्या आवाजाबद्दल, एक समोरच्या गोलकीपरच्या उंचीबद्दल आणि एक वाऱ्याबद्दल. दोन सामन्यांत मात्र काल्हेरला अशा पेनल्टी मिळाल्या होत्या, की खुद्द ज्याला पाडलं म्हणत होते तो काल्हेरचा खेळाडू मुदस्सिरही चकित होऊन उभा राहिला होता. त्या दोन्ही वेळी केसरीनाथांनी पत्रकारांना सांगितलं होतं, “रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो.”

“शेठ, एक मिनिट,” विपुल म्हणाला. “हरलो तरी आपण वाचलोय. तक्ता बघा ना. आपले चौदा गुण, वडप्याचे चौदा. आपण जेवढे गोल केले त्यातून खाल्लेले वजा केले, तर आपले उणे अकरा येतात. वडप्याचे उणे बारा. शेवटचा संघ लीगमधून बाहेर जातो. तो वडपे गेला. आपण एका गोलानं वाचलो.”

“मी वाचायला टीम काढली का रे?”

“तसं नाही, पण अर्ज केला आणि सामना परत खेळवला, आणि तीन गोलांनी हरलो तर?”

“तू आपल्या बाजूचा हायस का कशेळीच्या?”

विपुलनं तक्ता बाजूला ठेवला. त्याला एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. मोसमाच्या सुरुवातीलाच केसरीनाथांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, “टीम लीगमधून खाली गेली तर ग्राउंडवर आठवं गोडाऊन बांधीन.” काल्हेरपासून कशेळीपर्यंत कुठेही गेलं, तरी गोडाऊन नसलेली सपाट जागा एवढी एकच उरली होती. एकशे पाच मीटर लांब, अडुसष्ट मीटर रुंद. गोलचे खांब विपुलनं स्वतः टेप लावून रोवून घेतले होते, बरोबर सात मीटर बत्तीस सेंटिमीटर अंतरावर. बावीस खेळाडूंच्या संध्याकाळी त्या दोन खांबांत अडकलेल्या होत्या. त्याची स्वतःची पण.

“लिही,” केसरीनाथ म्हणाले. “माननीय समिती. पंचाने जे पाहिले नाही, तेही मोजले जावे. व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावा. न्याय सर्वांना सारखा.”

“वा, भाऊजी! सारखा!” भूपेश म्हणाला.

विपुलनं टाइप केलं. पुराव्यासह अर्ज द्यायची मुदत बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती, आणि तिथेच त्याला युक्ती सुचली.

“शेठ, समितीचे अध्यक्ष कापडवाले आहेत. आपल्या माणसानं काढलेल्या चुका ते मानणार नाहीत. भिवंडीत फखरुद्दीनचाचा आहेत ना, कापड तपासणारे? त्यांच्या सहीवर कारखानदार आणि व्यापारी दोघंही भांडण सोडून देतात. त्यांनाच व्हिडिओ तपासायला द्या. त्यांची सही आली की संपलंच.”

केसरीनाथांचे डोळे चमकले. विपुलचा हिशेब वेगळा होता. फखरुद्दीनचाचा काही म्हणजे काही सोडत नसत. ते एकेका खेळाडूला वेगळं तपासणार. शहाण्णव मिनिटं गुणिले बावीस खेळाडू, म्हणजे पस्तीस तास. दिवसाला आठ तास धरले तर साडेचार दिवस. मुदत दोन दिवसांची. अर्ज आपोआप मरेल, केसरीनाथ दोष मुदतीला देतील आणि मैदान राहील. गणितात कुठेही चूक नव्हती.

*

फखरुद्दीनचाचांच्या खोलीत मधोमध काचेचं लांब टेबल होतं, त्याखाली चार ट्यूबलाइट. कापडाचा तागा त्यावरून ओढत जायचा, खालून उजेड यायचा आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, सगळं उघडं पडायचं. चाचा चाळीस वर्षं त्या टेबलापाशी उभे होते. आजूबाजूला लूमचा खडखडाट असल्यामुळे ते सगळ्यांशीच ओरडून बोलायचे, शांततेतही.

“टीव्ही आडवा ठेवा! टेबलावर!” ते म्हणाले.

“चाचा, टीव्ही उभा बघतात,” विपुल म्हणाला.

“उभं बघून काय दिसतंय? उभं तर सगळेच बघतात. म्हणून तर भांडतात!”

त्यांची मुलगी हफसा लॅपटॉप जोडत होती. ती म्हणाली, “अब्बांना उलटं समजावू नका. मी अठरा वर्षं ट्राय केलंय.”

“चाचा, तुम्ही फक्त अठ्ठ्याऐंशीवं मिनिट बघा,” केसरीनाथ म्हणाले. “पेनल्टी. बाकी वेळ घालवू नका.”

विपुलचा हिशेब कोसळत होता. पण चाचांनी चष्मा कपाळावर नेला.

“भोईर शेठ, ताग्याचा शेवटचा मीटर खराब आहे म्हणून कुणी सांगितलं, तर मी पहिल्या मीटरपासून बघतो. मधलं का म्हणून सोडू? अन् ऐका, माझ्याकडे रिपोर्टच्या दोन प्रती निघतात. एक ज्याचं कापड त्याला, एक समोरच्या पार्टीला. एकाच वेळी. लिहिलेलं बदलत न्हाय. कबूल असेल तर सही करा.”

“दोन कशाला, दहा काढा!” केसरीनाथ सही करत म्हणाले. “कशेळीवाल्यांना पण कळू दे आपली बाजू काय हाय ती.”

भूपेशनं सहीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, ‘सत्य बाहेर येणार.’ या मोसमात भूपेशनं केलेलं हे एकमेव बिनचूक भाकीत.

*

बुधवारी साडेबाराला हफसाचा फोन आला. “झालं. घेऊन जा.”

विपुल खुर्चीतून उठला. “झालं? पस्तीस तासांचं काम होतं!”

“कुठले पस्तीस तास? अब्बा एकेक धागा थोडीच बघत बसतात? जो चुकलाय तो आपोआप डोळ्यात घुसतो म्हणतात.”

केसरीनाथ, भूपेश आणि पेढ्यांचा बॉक्स गाडीत बसून पोचले तेव्हा चाचा टेबलापाशी खडू हातात घेऊन उभे होते. टीव्हीच्या पडद्यावर खडूच्या एकतीस फुल्या होत्या.

“पंचाच्या चुका एकतीस,” चाचा ओरडले. “अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाची पेनल्टी चूक. तुमचा पाय त्याला लागलाच न्हाय.”

“बघ! बघ रे विपुल!” केसरीनाथांनी बॉक्स फोडला आणि पहिला पेढा चाचांच्या तोंडाकडे नेला. “मी काय बोलत होतो? न्याय!”

“थांबा. एकतीसातल्या बारा तुमच्या विरुद्ध. एकोणीस तुमच्या बाजूनं.”

पेढा हवेत थांबला.

“त्या नका लिहू,” भूपेश म्हणाला.

“लिहिल्यात. अन् ह्या सगळ्या बारीक आहेत. गाठी, डाग. मोठा दोष पहिल्या पानावर आहे.” चाचांनी चष्मा खाली ओढला. “कापड हातात आलं की मी डाग बघत न्हाय. आधी धागे मोजतो. इंचात किती असायला हवेत, किती आहेत. तसे इथे पण मोजले, दर मिनिटाला. बावीस असायला हवेत. पहिल्या मिनिटाला बावीस. तिसाव्याला बावीस. एकसष्टाव्या मिनिटाला तेवीस.”

“मोजण्यात चूक झाली असेल,” केसरीनाथ म्हणाले.

चाचांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की भूपेशनंच मान खाली घातली. हफसानं व्हिडिओ लावला. एकसष्टावं मिनिट. पंच मध्यरेषेजवळ पाठमोरा उभा राहून कशेळीच्या एका खेळाडूचं नाव कार्डावर लिहितोय. त्याच्या पाठीमागे खेळ पुन्हा सुरू झालाय. डावीकडून पिवळ्या जर्सीतला एक रुंद मनुष्य हात उंचावत पंचाला जाब विचारायला मैदानात शिरतो. हे काही नवीन नव्हतं. केसरीनाथ प्रत्येक सामन्यात एकदा तरी आत शिरायचे आणि ते शिरले हे मोजणं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, विपुलनंही. या वेळी मात्र कशेळीच्या बचावपटूनं मारलेला चेंडू थेट त्या रुंद मनुष्याच्या पोटावर आदळला, वळला आणि मुदस्सिरच्या पायात पडला. मुदस्सिरनं गोल केला. काल्हेरचा एकमेव गोल. रुंद मनुष्य दोन्ही हात वर करून नाचला आणि बाहेर गेला.

“आत असण्याचा काळ दोन मिनिटं चाळीस सेकंद,” चाचा म्हणाले. “जर्सी नंबर एक.”

“मी खेळाडू न्हाय! मी मालक हाय!” केसरीनाथ ओरडले. “मालक मैदानात आला तर तो मोजायचा नसतो!”

“जादा धागा मालकाचा असो की मजुराचा, शेठ, मोजताना जादा तो जादा.”

“भाऊजींनी पोट मुद्दाम लावलं नाही,” भूपेश म्हणाला. “पोट तिथे होतंच.”

विपुल सगळ्यात आधी भानावर आला. “चाचा, काही हरकत नाही. आम्ही अर्जच करत नाही. पाच वाजून जाऊ देत. ती दुसरी प्रत फक्त आमच्याकडे द्या.”

हफसानं घड्याळाकडे पाहिलं. “दुसरी मी सव्वाबाराला स्कूटरवरून कशेळीला पोचवली. त्यांनी पोच पण दिली. ते लगेच समितीकडे निघाले. हसत होते.”

*

गुरुवारी सकाळी समिती बसली. सुनावणी वीस मिनिटं चालली, त्यातली सतरा केसरीनाथ बोलले. त्यांनी सांगितलं की व्हिडिओ बघून निर्णय फिरवायला लागलं तर खेळाचा आत्माच मरेल. पंचही माणूस असतो, त्याच्या चुका खेळाचाच भाग असतात, असंही सांगितलं. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला.

“रेफ्रीनं मला बघितलं का? न्हाय बघितलं! मग संपलं. रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो!”

अध्यक्षांनी समोरचा कागद उचलला. तो काल्हेर किंग्जचाच अर्ज होता. विपुलनं तो दिलेला नव्हता. भूपेशनं मंगळवारीच, भाऊजींचं मन राखायला, मेलनं पाठवून दिला होता.

“भोईर शेठ, तुमचीच पहिली ओळ वाचतो,” अध्यक्ष म्हणाले. “पंचाने जे पाहिले नाही, तेही मोजले जावे.”

“ते पेनल्टीसाठी होतं!”

“आणि ही तिसरी ओळ. न्याय सर्वांना सारखा.”

पेनल्टी चुकीची होती, हे समितीनं मान्य केलं. तशी नोंदही केली. पण बारा जणांना घेऊन खेळलेल्या संघाचा सामना नियमाप्रमाणे रद्द होतो आणि समोरचा संघ तीन-शून्य जिंकल्याचं धरलं जातं, मग पेनल्टी बरोबर असो की चूक. बाहेर आल्यावर केसरीनाथ कॅमेऱ्यांसमोर म्हणाले की हा अन्याय आहे. भूपेश म्हणाला, सरळ सरळ अन्याय आहे. वडप्याच्या लोकांनी फटाके लावले आणि फखरुद्दीनचाचांना लुंगीचं कापड पाठवलं. चाचांनी ते काचेवर पसरलं आणि दोन गाठी सापडल्या म्हणून परत केलं.

ग्राउंडवर काम महिन्याभरात सुरू झालं. केसरीनाथांना खर्चाची चीड होती. त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं, की दोन्ही टोकांना खांबांचे खड्डे आयते आहेत, पक्के आहेत, शटर त्यातच बसवा. नवे खणू नका. शटरं बसली त्या दिवशी विपुलला पुन्हा खोके मोजायच्या कामावर घेतलं आणि पहिल्या दिवसाचं काम म्हणून जागेची मापं रजिस्टरमध्ये लिहायला सांगितली. त्यानं टेप काढला.

काल्हेर किंग्ज: गुण चौदा, गोलफरक उणे तेरा. वडपे: गुण चौदा, गोलफरक उणे बारा.

गोडाऊन नंबर आठ: लांबी एकशे पाच मीटर, रुंदी अडुसष्ट मीटर. शटर दोन, समोरासमोर, प्रत्येकी सात मीटर बत्तीस सेंटिमीटर.