दौलतरावांचा हिरवा डोळा

दौलतराव कोणाच्याही घरी गेले की आधी रेडिओच्या पाठीमागे जात. रामराम मागून. घरचा माणूस "या, बसा" म्हणेपर्यंत हे भिंत आणि टेबलाच्या फटीत मुंडकं घालून मोकळे! वरून आपल्यालाच शहाणपण शिकवणार, "तोंडाले काय पायतं? पाठ पाय, बाप्पा, पाठ!"

अमरावतीला ते आमचे शेजारी. कापसाच्या जिनात कारकून होते. त्या काळी रेडिओ म्हणजे लाकडाची मोठी पेटी, आत काचेचे व्हॉल्व, आणि पेटी चांगल्यापैकी असली तर समोर एक हिरवा डोळा. तोही एक व्हॉल्वच. स्टेशन नीट लागलं की डोळ्यातली सावली मिटायची, सुटलं की उघडायची, आणि आवाजाबरोबर थोडी थरथरायची. बघायला गंमत, बस्स. डोळा विझला तरी रेडिओचं काही अडत नाही, तो वाजतोच. पण दौलतरावांच्या रेडिओचा डोळा मंदावत चालला होता, आणि तेवढ्यावरून या गृहस्थाचा जीव खालीवर होत होता.

माल विलायती, नवा कुठे मिळेना. दुसऱ्याच्या बिघडलेल्या पेटीतून काढावा, तर नंबर तोच पाहिजे, नाहीतर बुडाचे पाय बसत नाहीत. आणि नंबर तर काचेवरून पुसलेला! मग दौलतराव तो डोळा तोंडाशी धरून त्यावर वाफ सोडत, "हाऽऽ!" वाफेत नंबर घडीभर उमटायचा. "हॅट्! आपलावाला नाई." की चालले पुढं.

सुटीच्या दिवशी हा माणूस घरात ठरत नसे. आज धामणगावचा अडत्या, उद्या हिवरखेडच्या देशमुखाच्या माळ्यावर मरून पडलेला रेडिओ. अकोल्याच्या भंगारात पेटी आली असं कोणी नुसतं बोललं, की यांनी बडनेऱ्याहून गाडी धरलीच म्हणून समजा. कोटाच्या गुंड्या वरखाली लागल्या असल्या तरी बेहत्तर.

माझ्या आईला त्यांचा भारी राग. कारण दौलतरावांच्या बायकोला, आमच्या काकूंना, टायफॉइडनंतर अजिबात ऐकू येईनासं झालं होतं. मूलबाळही नाही. "ते बिचारी दिवसभर भिंतीकडं पाहत बसते, आन् तुमाले रेडिओचे चोचले सुचून राहिले!" असं आई तोंडावर सुनवायची. दौलतराव सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "वहिनी, तुमच्या माहेरी रेडिओ हाये काय?"

आणि या माणसाला माझे वडील मुलगी पाहायला सोबत घेऊन गेले! मुलगी अकोल्याची, पाहायची माझ्यासाठी. वडिलांचं म्हणणं, बैठकीत चार शब्द बोलायला एक पोक्त माणूस असावा. घ्या पोक्त माणूस!

बैठकीत भरतकामाच्या रुमालाखाली रेडिओ होता. दौलतरावांनी पोह्याची बशी खाली ठेवली, रुमाल काढला, बटण बंद केलं, खिशातून पेचकस काढून मागचं फळकूट उतरवलंसुद्धा. मुलीच्या वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला. मुलाकडची माणसं वस्तू अशी उलटीपालटी करून पाहायला लागली की मुलीचा बाप काय समजणार? हेही मागणीत आलं म्हणून समजणार.

"रेडिओ बी पायजे काय तुमाले?" त्यांनी विचारलं.

"नाई हो, नाई!" माझ्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "दौलतराव, काहून आमचं नाक कापून राहिले?"

तिकडून "हाऽऽ!" आणि मग आरोळीच. "सापडला! आपलावाला! एकदम ताजा हाये!"

डोळा ओंजळीत घेऊन दौलतराव मुलीच्या वडिलांपुढे उभे राहिले. "रेडिओ नोको जी. एवढा डोळा द्या. लग्न नाई जमलं तरी चालते, पण हा द्या."

लग्न माझं, आणि मोडायला निघाले हे! मला तर भूमी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात दाराआडून मुलगीच बोलली, "बाबा, देऊन टाका ना. आपला रेडिओ त्याच्याबिगर बी वाजते." सगळे हसले. तिचे वडील सर्वांत मोठ्यानं हसले. पुढे तीच आमच्या घरी आली, आणि अजून ऐकवते की त्या दिवशी तिला आधी दौलतराव पसंत पडले.

परतीच्या गाडीत जागा असून हा माणूस बसेना. रुमालात गुंडाळलेला डोळा छातीशी धरून दारापासून खिडकीपर्यंत येरझारा. अमरावतीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. एवढं काय आहे त्या डोळ्यात, बघूच तरी, म्हणून मीही त्यांच्यामागे घरात शिरलो.

त्यांनी डोळा बसवला, बटण फिरवलं. काकू पदराला हात पुसत आल्या आणि पाट ओढून रेडिओसमोर बसल्या, अगदी नाक टेकेल इतक्या जवळ. पेटी तापली. डोळा हिरवागार उजळला. रेडिओवर कोणी बाप्या खरखरीत आवाजात बाजारभाव वाचत होता, कापूस, ज्वारी, सरकी. डोळ्यातली सावली मिटत होती, उघडत होती, थरथरत होती. काकूंची मान हळूहळू डोलू लागली. बोटांनी मांडीवर ताल धरला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रेडिओ काकूंचा होता. एवढी वणवण या माणसानं त्यांच्यासाठी केली होती, आणि आईची बोलणी खाऊन एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

काकू मागे वळल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बाई लय गोड गाऊन राहिली वो आज!"

सरकीचे भाव चालू होते. मी काही बोलणार, तोच दौलतरावांनी माझं मनगट घट्ट दाबलं. मग काकूंना ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांच्यापुढे वाकले.

"हाव," ते म्हणाले. "लय गोड."