अध्यक्ष महोदय, मी डोंबिवलीहून सबनीस

तारीख: श्रावणातला शेवटचा मंगळवार. वेळ: सकाळी पावणेअकरा. स्थळ: डोंबिवली पूर्व, आमच्या सोसायटीचा सगळ्यात वरचा मजला, सबनीसकाकांचा हॉल. उपस्थित: सबनीसकाका, सबनीसकाकू, सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी, आणि खाऊच्या डब्यासाठी आमचे हे. लॅपटॉप फ्रिजवर.

लॅपटॉप फ्रिजवर का, ते आधी सांगते. सबनीसकाका कंपनीच्या वार्षिक सभेत बसून बोलत नाहीत. "भागधारकाने उभं राहून बोलायचं असतं," हा त्यांचा नियम. सभा मुंबईत मोठ्या सभागृहात व्हायची तेव्हा तो शोभायचा. आता सभा पडद्यावर होते. पहिल्या वर्षी काका डायनिंग टेबलापाशी ताठ उभे राहिले आणि संचालक मंडळाने पूर्ण तीन मिनिटं त्यांच्या पट्ट्याचं बक्कल पाहिलं. तेव्हापासून मी लॅपटॉप फ्रिजवर चढवते. सभेच्या दिवशी माझ्या यादीत हे पहिलं काम असतं. दुसरं काम, भाषण संपेपर्यंत कोणाला फ्रिज उघडू न देणं.

कंपनीचं नाव काका कधी घेत नाहीत, "आपली कंपनी" म्हणतात. तिचा कारखाना कोलशेतला होता, सिमेंटचे पत्रे बनायचे. काका तिथे माल पाठवण्याच्या खात्यात होते. कंपनीने एकदा कामगारांना थोडे शेअर वाटले. कोणी ते विकून टीव्ही घेतला, कोणी मुलीचं लग्न केलं. काकांनी ते कपाटात ठेवले आणि त्या दिवसापासून ते मालक झाले. कारखाना बंद पडला, जागेवर टॉवर उभे राहिले, कंपनीने कचेरी हलवली. मालक डोंबिवलीतच राहिले.

सभेची भाषा त्यांच्या घरात मुरली आहे.

"अध्यक्ष महोदय, आमटीत मीठ कमी आहे."

"ठराव फेटाळला," काकू स्वयंपाकघरातून म्हणतात.

सोसायटीच्या बैठकीतही ते आधी उठून "सेक्रेटरीबाईंनी वेळेवर नोटीस काढली, अभिनंदन" असं म्हणतात आणि मग पाण्याच्या टाकीवरून मला पुरतं धुऊन काढतात. राग येत नाही, कारण इतकं व्यवस्थित कोणी आम्हाला कधी धुतलेलं नाही. त्यांचं ऐकून शेजारच्या दोन सोसायट्यांनी बैठकीत उभं राहून बोलायची पद्धत सुरू केली. मी हे जिथे जाते तिथे सांगते.

काकांचा उजवा गाल डाव्यापेक्षा जरा सावळा आहे. कोणी विचारलं की ते म्हणतात, "ही आपल्या कंपनीची निशाणी. कंपनीची बस रोज सकाळी ठाणे स्टेशनाहून कोलशेतला जायची. खिडकीपाशी बसायचो. खाडीवरून ऊन यायचं, सरळ इथे."

ती बस चालवायचे म्हात्रे. मूळचे कळव्याचेच, पिढ्यान् पिढ्यांचे. शेअर न विकणारा कोलशेतचा दुसरा माणूस, आणि काकांचा एकुलता एक विरोधक.

भांडणाचं कारण कंपनीनेच दिलं. पत्र्यांचा धंदा मंदावल्यावर तिने दोन नव्या गोष्टी हातात घेतल्या. एक, सौर कौलं: घरावर घालायची आणि वीजही तीच बनवणार. दुसरी, पुण्यातल्या काही इंजिनिअर मंडळींबरोबर चालकाविना चालणारी गाडी. झालं! काकांना वाटलं, छप्पर म्हणजे आपलं खातं. म्हात्र्यांना वाटलं, गाडी म्हणजे आपलं. दरवर्षी सभेत दोघे पाठोपाठ नाव देत आणि एकमेकांची सालटी काढत. सभागृह होतं तेव्हा त्यानंतर बाहेर व्हरांड्यात दोघे आपापले खाऊचे डबे उघडत. काकांना साखर, म्हणून त्यांचा पेढा म्हात्र्यांना. म्हात्र्यांचे दात हलणारे, म्हणून त्यांचे वेफर्स काकांना. अदलाबदल झाली की पुन्हा भांडण.

"तुमची ती गाडी घोडबंदर रोडवर आणा," काका म्हणायचे. "पुढे टँकर, बाजूला रिक्षा, मध्ये खड्डा आणि समोरून उलटा येणारा मोटारसायकलवाला. गाडी तिथेच राजीनामा देईल."

"तुला नाय कलायचं सबनीस," म्हात्रे म्हणायचे. "घोडबंदरला गाडी उभीच असते. उभ्या गाडीला ड्रायव्हर कशाला पायजे? आणि तुझा छप्पर? आधी घरातली बादली उचल, मग वीज बनव."

हे वर्मी लागायचं. काकांचं घर शेवटच्या मजल्यावर आहे आणि गच्चीची गळती काढण्याचे सोसायटीचे सगळे प्रयत्न फसले आहेत. पावसाळ्यात त्यांच्या हॉलमध्ये बादली असतेच. सौर कौलांवरचं काकांचं प्रेम कुठून येतं, ते त्या बादलीत दिसतं.

यंदाची सभा मात्र नेहमीची नव्हती. नोटिशीत ठराव होता: सौर कौलांचं काम बंद करावं आणि सगळा पैसा चालकाविना गाडीत घालावा. म्हणजे काकांचं छप्पर जाणार. ते वाचवायला त्यांच्यापाशी तीन मिनिटं होती. पुढच्या वर्षी विचारायला काही उरलंच नसतं.

काकांनी तयारी चालू केली. कुकर लावला की भाषण सुरू, तिसऱ्या शिट्टीला "धन्यवाद, अध्यक्ष महोदय". काकू म्हणाल्या, "वरण शिजेपर्यंत तरी आटपतं. लग्नाच्या वेळी यांनी बैठकीत सव्वा तास घेतला होता."

मग सभेला दोन आठवडे असताना तालीम अचानक थांबली. काका रोज दुपारी जेवून बाहेर पडायला लागले. कुठे, तर कळव्याला.

"विरोधकांशी वाटाघाटी चालल्यात," काकू एवढंच म्हणाल्या आणि विषय बदलला.

"म्हणजे काका पक्ष बदलणार," आमचे हे म्हणाले. आम्ही हसलो.

तर मंगळवार. काकांनी दाराशीच आमच्या सह्या घेतल्या, कारण गणपूर्ती. डबे वाटले: सामोसा, वेफर्स, पेढा. डबे पाच होते आणि माणसं चार. काका फ्रिजसमोर उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेलं भाषण.

अध्यक्षांचं बोलणं झालं. सूत्रसंचालन करणारी मुलगी नावं पुकारू लागली.

"नेक्स्ट स्पीकर, कळव्याहून श्री. म्हात्रे. म्हात्रेजी, प्लीज अनम्यूट कीजिए."

काही नाही.

"म्हात्रेजी? आर यू देअर?"

काकू माझ्या कानाशी आल्या. "त्यांच्या अंगावरून वारं गेलंय गं. उजवी बाजू. वाचा गेली. समजतं सगळं, पण प्रयत्नच करत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. हे रोज जाऊन तिथे ठराव वाचून दाखवतात. तरी हूं नाही की चूं नाही."

"कनेक्ट नहीं हैं," मुलगी म्हणाली. "नेक्स्ट, डोंबिवलीहून श्री. सबनीस."

काकांनी खिशातून भाषण काढलं, पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"अध्यक्ष महोदय, मी डोंबिवलीहून सबनीस, अल्प भागधारक. माझी तीन मिनिटं मी कळव्याचे भागधारक श्री. म्हात्रे यांना देत आहे. त्यांची बाजू मी मांडतो. तिच्याशी मी सहमत नाही, याची नोंद व्हावी."

आमच्या ह्यांचा सामोसा तोंडापर्यंत जाऊन थांबला.

काकांनी खरोखर म्हात्र्यांची बाजू मांडली. घोडबंदरचा मुद्दा मांडला, स्वतःच्या घरातली बादली भर सभेत मांडली. मग म्हणाले, "आता श्री. म्हात्रे यांचा शेवटचा मुद्दा. त्यावर मी आजवर हसत आलो. आमच्या बसमध्ये सगळ्यांना खिडकी होती. कोलशेतला जाताना डाव्या हाताला खाडी. भरतीचं पाणी, बगळे, कोवळं ऊन. आम्ही पेपर वाचायचो, पेंगायचो. हौसेने बघणारा माणूस गाडीत एकच होता आणि त्याची नजर रस्त्यावर. आम्हाला वेळेवर पोचवायचं म्हणून. त्याने उभ्या नोकरीत ती खाडी धड पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणाला, ते राहिलं. अध्यक्ष महोदय, गाडी आपली आपण चालली तर ड्रायव्हरलाही खिडकी मिळेल. श्री. म्हात्रे यांचं म्हणणं एवढंच आहे. धन्यवाद."

तीन मिनिटांची घंटी अजून वाजली नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "सबनीसजी, तुमच्या भावनांची दखल घेतली आहे." दरवर्षी हेच म्हणतात, पण यंदा चष्मा काढून म्हणाले.

मी आजवर पुष्कळ बैठका पाहिल्या. स्वतःचं छप्पर जात असताना दुसऱ्याची खिडकी मागणारा माणूस आमच्याच सोसायटीत निघाला, म्हणून माझी मान ताठ झाली.

मग पडद्यावर मतदान आलं. काकांनी चवड्यांवर उभं राहून ठरावाच्या विरोधात, म्हणजे छपराच्या बाजूने, बटण दाबलं.

"काका!" मी म्हटलं. "हे काय?"

"तोंड त्याचं," काका म्हणाले. "बोट माझं."

तेवढ्यात काकूंच्या फोनवर कळव्याहून व्हिडिओ कॉल आला. म्हात्र्यांची सून. घाबरलेली.

"काका, आम्ही नुसती बघायची लिंक लावून सगळं ऐकलं, पण बाबा एकदम चिडलेत! उठून बसायला बघतायत. डावा हात सारखा उजवीकडे नाचवतायत. पाणी नको, पंखा नको. काय पाहिजे तेच कळत नाय."

तिने फोन फिरवला. म्हात्रे उशांना टेकून, तोंड जरा वाकडं, डोळे लाल. डावा हात तावातावाने उजवीकडे जात होता.

"काय म्हात्रे?" काका शांतपणे म्हणाले. "काही चुकलं का माझं? खाडी डाव्या हाताला. बरोबर सांगितलं ना मी?"

म्हात्र्यांनी मान जोरात हलवली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. बराच वेळ नुसती हवा आली. मग अर्धामुर्धा, पण आला तो शब्द.

"ना...य."

सुनेने तोंडावर पदर धरला. फोन हलला, पंखा दिसला, पुन्हा म्हात्रे दिसले. हात अजून उजवीकडेच.

"विरोधाची नोंद घेतली," काका म्हणाले. "उद्या येतो. वाक्य पूर्ण करून ठेवा."

फोन ठेवून ते खिडकीकडे गेले. मी लॅपटॉप उतरवला. वळून पाहिलं तर बाहेरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, खाडीच्या उन्हाने सावळ्या झालेल्या त्या उजव्या गालावर.

पाचवा डबा दुसऱ्या दिवशी काकांबरोबर कळव्याला गेला, पेढे दोन, वेफर्स नाहीत. ठरावाचा निकाल यायचा आहे. माझ्या यादीत एक काम बाकी आहे: म्हात्र्यांना गाडीत मागे, उजव्या खिडकीपाशी बसवून कोलशेतला नेणे. डॉक्टर "अजून थोडं थांबा" म्हणतात. काकांनी शेजारची जागा आत्ताच राखून ठेवली आहे. गाडी मी चालवणार, नजर रस्त्यावर ठेवून.