मंगळाचा गेट पास

हिप्परगेकरांकडून आमच्या घरी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी येते, तेव्हा वाटीबरोबर गेट पासही येतो. पांढरी प्रत आमची, गुलाबी त्यांच्या पुस्तकात. वस्तू : स्टीलची वाटी. नग : एक. आतला माल : चटणी, परत करू नये. त्याखाली 'रिटर्नेबल / नॉन-रिटर्नेबल, लागू नसेल ते खोडावे' असं छापलेलं असतं आणि 'नॉन-रिटर्नेबल' पट्टी लावून खोडलेलं असतं. शेवटी अपेक्षित परतीची तारीख. ती सहसा उद्याची असते.

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात, आम्ही त्यांच्या डोक्यावर. मूळचे लातूरकडचे. महाळुंग्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं डिस्पॅच सांभाळून, गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाचा पास फाडून निवृत्त झाले. कारखान्यातून गाड्यांचे ब्रॅकेट निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून मोठ्या कंपन्यांकडे जायचे, आणि रिकामे क्रेट परत यायचे. म्हणजे यायला हवेत, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात कुणी त्यात कँटीनचे कांदे भरायचं, कुणी उलटा घालून त्यावर बसायचं. एकदा हिप्परगेकरांना आपला एक क्रेट चाकणच्या बाजारात मेथीच्या जुड्यांखाली दिसला. त्यांनी तो मेथीसकट विकत घेतला आणि मेथी गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकली. तिचा नॉन-रिटर्नेबल पास फाडला, हे सांगायला नकोच.

जगाकडे ते याच गेटवरून बघतात. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुलगी कुठे दिली हे न विचारता ते विचारतात, "परतीचं काय?" वऱ्हाडाच्या बसबद्दल विचारतात, असं आम्ही समजून घेतो.

माझ्या बायकोने पहिल्यांदा त्यांची वाटी परत केली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्यात चिमूटभर साखर घातली होती. रिकामं भांडं परत कसं द्यायचं? पाच मिनिटांत हिप्परगेकर जिना चढून वर. "वहिनी, रिकामीच देत जा. आत माल आला की त्याची वेगळी नोंद करावी लागते." साखर कागदाच्या पुडीत बांधून आणली होती. तेव्हापासून त्यांच्या वाट्या घासूनपुसून, कोरड्या आणि रिकाम्या जातात.

एप्रिलमध्ये आमच्या सेक्रेटरींनी क्लब हाऊसमध्ये 'मानवजातीचं दुसरं घर : मंगळ' या विषयावर व्याख्यान ठेवलं. वक्ते स्वतःची ओळख भविष्यचिंतक अशी करून देत. छातीवर रॉकेट शिवलेलं जाडजूड जाकीट घालून आल्यामुळे ते मंगळाच्या थंडीवर बोलताना घाम पुसत होते. दुसरं घर हे शब्द ऐकून तिघंचौघं सावरून बसले, पण ते तळेगावात प्लॉट बघत होते. वक्ते म्हणाले, माणूस हा मुळातच प्रवासी आहे. म्हणाले, खर्चाकडे बघू नका, स्वप्नाकडे बघा. माझ्या अनुभवात हे वाक्य नेहमी खर्च दुसऱ्याचा असताना येतं.

प्रश्नोत्तरांना हिप्परगेकर उभे राहिले. शेजारी त्यांची मुलगी केतकी होती. ती बंगळूरला रॉकेटचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि सुट्टीवर आली होती.

"सर, माणूस किती वजनाचा धरलाय?"

"साधारण सत्तर किलो."

"आणि हवा, पाणी, जेवण, कपडे, वर औषधं?"

"ते अर्थातच काही टनांत जाईल."

"म्हणजे सत्तर किलोच्या मालाला टनानं पॅकिंग. आमच्याकडं असं पॅकिंग कुणी सुचवलं असतं तर त्यालाच त्यात घालून पाठवलं असतं. यंत्र का पाठवत नाही? यंत्राला डबा लागत नाही."

"अहो, यंत्राला स्वप्नं नसतात."

"बरं. तिथं माल रिजेक्ट झाला तर खराब नग वेगळे काढायला, सॉर्टिंगला कोण जाणार? महाळुंग्याहून मोटारसायकलवर पोरगं पाठवता येत नाही."

लोक हसले. वक्तेही हसले, पण जरा उशिरा.

"शेवटचं," हिप्परगेकर म्हणाले. "परतीचं काय?"

"सुरुवातीच्या काही मोहिमा कदाचित एकेरी असतील. इतिहास घडवणारे परतीचा विचार करत नाहीत."

"मग कोण करायलंय?" असं म्हणून ते खाली बसले. केतकी सोडून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी द्यायला खाली गेलो, तर टेबलावर पास-पुस्तक होतं आणि बापलेक समोरासमोर बसले होते.

"काका, बसा," केतकी म्हणाली. "साक्षीदार पाहिजेच होता. बाबा, पास फाडा."

"कशाचा?"

"माझा. अंतराळवीरांच्या निवडीत नाव आलंय. दीड वर्ष परदेशात प्रशिक्षण, मग टिकले तर वर. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"मग कळव की. मला कशाला विचारायलीस?"

"या घरातून तुमच्या पासाशिवाय कधी काही बाहेर गेलंय का?"

हिप्परगेकरांनी पेनाचं टोपण काढलं. हातात पेन आलं की त्यांना जरा आधार वाटतो.

"वस्तू?"

"केतकी."

"नग?"

"एक."

"एकच," ते म्हणाले आणि तेवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. "परतीची गाडी?"

"आहे. म्हणजे, तयार व्हायची आहे."

"ड्रॉइंगवर आहे म्हण की."

"हो."

त्यांनी पुस्तक मिटलं. "ड्रॉइंगवरच्या गाडीच्या भरवशावर माल सोडत नसतात," म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. कुंड्यांना केतकीने मघाशीच पाणी घातलं होतं.

पुढचे चार दिवस त्यांनी चौकशीत घालवले. रोज सोसायटीतल्या बाकावर मला अहवाल मिळायचा. "चंद्राला तीन दिवस लागतात म्हणे. नागपूरच्या मालाला आमच्याकडं तेवढेच धरायचो. चंद्र जमंल." दुसऱ्या दिवशी चेहरा पडलेला. "मंगळाची एक गाडी चुकली की दुसरी दोन वर्षांनी. असला ट्रान्सपोर्टर मी पहिल्याच महिन्यात बंद केला असता."

"अहो, पण ती अजून मंगळावर निघालेली नाही," मी म्हणालो. "निवड झाली तरी चंद्रापर्यंत जाईल फार तर."

"तिला मी ओळखतो. जवळचं भाडं ती घेणार नाही."

रविवारी सुट्टी संपवून केतकी बंगळूरला निघाली. गॅलरीतून मी बघत होतो. कॅब गेटवर उभी होती, हिप्परगेकरांनी बॅगा स्वतः मोजून आत ठेवल्या, मग खिशातून पांढरा कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि कॅबचं दार बराच वेळ उघडंच राहिलं.

संध्याकाळी मी वाटी घेऊन खाली गेलो. जाताना तिने आमच्याकडे शेवटची चटणी पोचवली होती. टेबलावर पुस्तक उघडंच होतं, गुलाबी प्रतीवर. वस्तू : केतकी. नग : एक. रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल, दोन्ही शब्द जसेच्या तसे होते. परतीच्या तारखेसमोर लिहिलं होतं, 'सवडीनं'.

"हिप्परगेकर, खोडायचं राहिलंय."

"राहिलेलं नाही." ते खुर्चीत बसले होते, दिवा न लावता. "तीस वर्षं मी क्रेट परत मागितले. माल कधी कुणाला परत मागितला नाही. माल जायलाच बनवलेला असतो, राव."

मी वाटी पुढे केली. त्यांनी ती घेतली, नेहमीप्रमाणे उलटी करून बघितली, सुलटी केली, आणि आत बघत राहिले.

"रिकामीच आणलीत होय?"

"तुमचाच नियम आहे."

"हो, आहे खरा," ते म्हणाले. त्यांनी वाटी पुस्तकावर ठेवली, जरा सरळ केली. "चिमूटभर साखर चालली असती आज."