परचुऱ्यांचा अर्धा इंच

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी दहा वाजता एक निवृत्त गृहस्थ गाडीच्या डिकीत डोकं घालायचे आणि एक पीव्हीसी पाइप अर्धा इंच कापायचे. हे परचुरे. वय अडुसष्ट, हयात कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात मोजमापाचा टेप.

डिकीत सबवूफर आहे. कॉलेजची पोरं गाडी दणाणून सोडायला बसवतात, तो. तो ज्या लाकडी खोक्यात असतो त्याला एक भोक आणि भोकात पाइप. पाइप लांब असला की खोकं खालच्या सुरात घुमतं, आखूड केला की सूर वर चढतो. मला विचाराल तर यातलं काही कळत नाही. पण मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे परचुऱ्यांनी हे मला जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा अंत्ययात्रेत सविस्तर सांगितलंय.

बुधवार पेठेतला दुकानदार त्यांना म्हणाला, काका, खोक्याचा सूर बत्तीस हर्ट्झला ठेवा, सगळे तेच ठेवतात. "सगळ्यांच्या घरी मी राहत नाही," असं म्हणून परचुरे दुकानातला सगळ्यात लांब पाइप घेऊन आले. तेव्हापासून कापायचं, बसवायचं, दारं लावून तबल्याची एकच जुनी कॅसेट वाजवायची आणि उतरून जाहीर करायचं, "अजून बसलं नाही." एकदा घाईत दोन इंच उडाले. तर नवा पाइप आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत म्हणे.

घरी दोघंच. काकू पूर्वी तबला शिकवायच्या. दुपारभर पोरांचं धा धिं धिं धा चालायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान पार गेले, मशीन लावूनही काही ऐकू येईना, शिकवण्या बंद पडल्या. खरं सांगतो, तेव्हा आम्हाला जरा हायसंच वाटलं होतं.

आता ही डिकी. खालच्या जोशीबाईंच्या कपबश्या वाजायच्या, माझ्या खिडकीची काच तर कायमच थरथरायची. शेवटी कमिटीनं ठराव केला: हे बंद करा, नाहीतर गाडी सोसायटीच्या बाहेर लावा. मी गुरुवारी परचुऱ्यांना तसं सांगितलं. वाद घालतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मला एक रविवार द्या. जवळ आलोय."

रविवारी दहाला मी लेखी नोटीस घेऊन खाली गेलो. गाडीची दारं बंद, कॅसेट चालू. परचुरे मात्र बाहेर, मागच्या काचेला नाक लावून उभे. आत मागच्या सीटवर काकू डोळे मिटून टेकून बसलेल्या.

"काकूंना कशाला बसवलंत? त्यांना..." मी म्हणालो आणि थांबलो.

"कानांचं संपलं. पाठीला अजून कळतं," परचुरे काचेवरून नजर न हलवता म्हणाले. "बत्तीसला नुसती थरथर येते, बोल सुटे होत नाहीत. पाइप केवढा असला की तिला डग्गा सुटा लागतो, ते बघतोय."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काकूंचा डावा तळवा मांडीवर हलला. थोड्या वेळानं उजवा. मला बाहेर ऐकू येत होतं म्हणून सांगतो, त्यांचा हात एकदाही समेला चुकला नाही. परचुऱ्यांनी खिशातला टेप घट्ट धरला होता.

कॅसेट संपली. काकूंनी काच खाली केली. ऐकू येत नसल्यामुळे त्या फार मोठ्यानं बोलतात. "अहो, हात चांगला आहे हो. कोण वाजवतंय?"

परचुऱ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं; ती जुनी कॅसेट काकूंच्याच तबल्याची होती. काकू त्या बोटाकडे बघतच राहिल्या. मग परचुरे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बसलं." चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

मला माझी लाज वाटली. मी नोटीस तशीच घेऊन वर आलो.

पाइप आता कापला जात नाही. पण रविवारी दहा वाजता कॅसेट लागते आणि माझी काच थरथरते. परवा मी ती नोटीस चार घड्या करून काच आणि चौकटीच्या फटीत बसवली. आता अजिबात वाजत नाही.