डाव्या नळकांड्यातील पाण्याबाबत

ज्या वस्तूचा वेग कमी होतो, तिच्याभोवती जाणकारांची संख्या वाढते. हा नियम बैलगाडीपासून आगगाडीपर्यंत सगळ्यांना लागू आहे, आणि तळ्यावरची पाँटून बोट त्याला अपवाद असण्याचं काही कारण नव्हतं.

बोट साधीच. खाली दोन लांब, पोकळ, दोन्ही टोकांना बंद असलेली नळकांडी, त्यांच्यावर फळ्यांचा सपाट मजला, मजल्यावर बाकं, वर छप्पर आणि मागे इंजिन. या काठावर घरं, त्या काठावर कचेऱ्या, शाळा नि दवाखाना. पलीकडे जायला बारा मिनिटं लागत. तांडेल सव्वीस वर्षं ही बोट हाकत होता आणि सव्वीस वर्षं बाराच लागत होती. त्याला घड्याळाची गरज नव्हती. बायकोने दिलेल्या थर्मासातला एक कप चहा सावकाश संपला की समोरचा धक्का यायचा.

एका मंगळवारी कप संपला, धक्का आला नाही. त्याने दुसरा कप ओतला. तोही अर्ध्याच्या वर संपला, तेव्हा कुठे धक्का आला. एकोणीस मिनिटं झाली होती, आणि थर्मास आपला आपण घसरत डावीकडच्या कठड्याला जाऊन टेकला होता. तांडेलाला तेवढं पुरे होतं. संध्याकाळी तो जलवाहतूक कार्यालयात गेला.

"साहेब, डाव्या नळकांड्यात पाणी शिरलंय. बोट काठावर ओढू, बूच काढून पाणी सोडू, भोक असेल तिथे डाग मारू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

साहेब सज्जन होते. कुणाला तोडून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तांडेल, तुम्ही एकदम कारणच सांगताय," ते म्हणाले. "कारण चौदाव्या रकान्यात येतं. आधीचे तेरा कोण भरणार?"

वेगघट प्रपत्राचे आधीचे तेरा रकाने तांडेलाने तिथेच बसून भरले. (सहावा रकाना चालकाच्या आजोळच्या पत्त्याचा आहे. तो कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो वगळण्याची कुणाची छाती होत नाही.) मग साहेबांनी त्याला पुढची अडचण समजावून सांगितली. कारण सिद्ध झाल्याशिवाय बोट काठावर ओढता येत नाही. बूच काढल्याशिवाय कारण सिद्ध होत नाही. आणि बोट काठावर ओढल्याशिवाय बूच काढता येत नाही. समजावताना साहेबांनी कागदावर तीन बाणांचं एक वर्तुळ काढलं. ते त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते भिंतीवर लावून घेतलं.

शिवाय नियम नऊ होताच. तीस दिवसांत कारण सिद्ध न झाल्यास 'चालकाचे वय' हे कारण गृहीत धरावे आणि चालकास काठावरील तिकीट खिडकीत बसवावे. नियम अत्यंत दयाळू आहे. त्यात इंजिनाला बोल लागत नाही, बोटीला बोल लागत नाही, कार्यालयाचा तर उल्लेखही नाही.

तांडेल चोपन्न वर्षांचा होता. घरी येऊन तो ताटावर बसला आणि म्हणाला, "मला खिडकीत बसवणार."

"बसवू देत की. डोक्यावर सावली तरी राहील," बायको म्हणाली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पाण्यावर तो डोळे मिटूनही सरळ जायचा. जमिनीवर मात्र घरातल्या घरात चालताना रोज त्याच कपाटाला धडकायचा.

चौकशी मात्र जोमाने सुरू झाली. प्रथम प्रवाशांची मतं घेण्यात आली. बोटीची मर्यादा चोवीस जणांची आहे आणि सर्वेक्षणाच्या दिवशी नेहमीप्रमाणे सदतीस जण होते. (चोवीसचा आकडा कठड्यावर ठळक रंगवलेला आहे, पण त्याला टेकून माणसं बसतात, त्यामुळे तो दिसत नाही.) बारा जणांच्या मते इंजिन थकलं होतं. नऊ जणांच्या मते तळं लांबलं होतं. सात जणांना पलीकडचा काठ सरकल्याचा संशय होता, पाच जणांना तांडेल मुद्दाम करतोय याची खात्री होती, आणि तिघांना काहीच मत नव्हतं पण सांगायची इच्छा होती. उरलेले एक, म्हणजे निवृत्त मास्तर, म्हणाले, "पूर्वीचं पाणी राहिलं नाही हो आता." नळकांड्यात पाणी शिरल्याचं मत शून्य जणांनी दिलं, कारण अर्जावर तसा पर्यायच नव्हता.

मग तीन जणांची समिती बोटीवर आली. समिती उभ्याने काम करीत नाही, म्हणून एक बाक आला. बाकापुढे टेबल आलं. टेबलावरचे कागद वाऱ्याने उडू लागले, म्हणून लोखंडी कपाट आलं. उजव्या बाजूला इंजिनाचा धूर येतो, त्यामुळे हे सगळं डावीकडे मांडण्यात आलं. आता पलीकडे जायला सत्तावीस मिनिटं लागू लागली. समितीने पहिल्या अहवालात समाधान व्यक्त केलं : 'समितीच्या स्थापनेपासून वेगघट अधिक ठळक झाली असून अभ्यासास योग्य झाली आहे.'

प्रवाशांचंही बस्तान बसलं. पलीकडच्या कचेऱ्यांनी हजेरीच्या वहीत उशिराचं कारण म्हणून 'बोट' हा शब्द मान्य केला होता. पूर्वी उशीर झाला की सासऱ्याला आजारी पाडावं लागायचं. आता सासरे खडखडीत बरे झाले. एरवी घड्याळाकडे बघत चढणारी माणसं पाय पसरून बसू लागली. विणकाम करणाऱ्या बाईंची एका आठवड्यात स्वेटरची पाठ झाली, दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाह्या. रोज उतरताना मात्र सगळे न चुकता म्हणायचे, "तांडेल, बोटीचं काहीतरी करा बुवा."

अठ्ठाविसाव्या दिवशी तांडेलाने केलं. सकाळी बोट तळ्याच्या मध्यावर आली, तेव्हा त्याने एक पाटी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी खांबाला टांगली. तीवर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'डाव्या बाजूस बसलेल्यांची जबानी आज नोंदविण्यात येईल.'

पाटी वाचायला लोकांना चार सेकंद लागले आणि उजवीकडे जायला तीन. विणकामाच्या बाई लोकरीच्या गुंड्यासकट गेल्या. मास्तर गुडघेदुखी विसरून गेले. समितीचे तिघेही गेले, कारण जबानी म्हटल्यावर माणूस विचार करीत बसत नाही. डावीकडे फक्त कपाट उरलं.

बोट उजवीकडे कलली आणि डावं नळकांडं महिनाभराने पाण्याबाहेर आलं. त्याच्या पोटाशी बोटभर भोक होतं, आणि त्यातून पाण्याची धार सुटली होती. सदतीस प्रवासी आणि तीन सदस्य उजव्या कठड्यावरून वाकून, फळ्यांखालून ती धार बघत राहिले. धार बराच वेळ चालली. बोट हळूहळू हलकी झाली, आणि उरलेलं अर्धं तळं तिने सहा मिनिटांत ओलांडलं.

"पाणीच होतं की," विणकामाच्या बाई म्हणाल्या.

"मी म्हणतच होतो, प्रश्न पाण्याचा आहे," मास्तर म्हणाले.

समितीचे अध्यक्ष प्रामाणिक होते. पाणी पाहिल्याचं त्यांनी लगेच मान्य केलं. फक्त समितीने पाहिलेलं हे निरीक्षण असतं, पुरावा नसतो; पुराव्याला दोन प्रवाशांच्या सह्या लागतात. धक्क्यावर टेबल मांडून त्यांनी साक्षपत्र काढलं, पेन काढलं.

तांडेलाने आधी मास्तरांना धरलं. "मी पाहिलं," मास्तर म्हणाले, "पण चष्म्याशिवाय पाहिलं." चष्मा त्यांच्या नाकावर होता. विणकामाच्या बाई नेमक्या त्याच वेळी टाके मोजत होत्या. दवाखान्याच्या कंपाउंडरने तांडेलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तांडेल, तुमच्यासाठी जीव देईन. पण पहिली सही माझी नको. कुणीतरी करा, दुसरी माझी." हा विचार सगळ्यांनाच पटला. पाच मिनिटांत दुसरी सही करायला सदतीस जण तयार झाले. मग सगळे घाईघाईने आपापल्या कामाला गेले. त्या दिवशी बोट लवकर पोचल्यामुळे त्यांना फारच उशीर होत होता.

तिसाव्या दिवशी नियम नऊ लागू झाला. तांडेलाने किल्ली दिली, थर्मास उचलला आणि तो खिडकीत जाऊन बसला. नव्या चालकाकडे बोट सोपवताना ती काठावर ओढून, बूच काढून, स्वच्छ करून द्यावी असा नियम वीस आहे. त्याप्रमाणे बोट ओढली, बूच काढलं, उरलेलं पाणी सोडलं आणि 'किरकोळ रंगकाम' या सदराखाली भोकावर डाग मारला. कपाटही उतरलं, कारण समितीचं काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी बोट बरोबर बारा मिनिटांत पलीकडे गेली.

अंतिम अहवाल दीड ओळीचा आहे. चालक बदलताच वेग पूर्ववत झाला, सबब दोष चालकाचाच होता. प्रवाशांनाही हे पटलं. "बघा, माणूस बदलला की किती फरक पडतो," असं ते पूर्वीच्या तांडेलाकडून तिकीट घेता घेता म्हणतात, आणि खिडकीत बरं वाटतंय का, अशी आपुलकीने चौकशीही करतात.

तांडेल कप ओततो, बोटीकडे बघतो, आणि धक्का मुळीच जवळ येत नाही म्हणून कप तसाच गार होतो. साक्षपत्र त्याने काचेखाली जपून ठेवलं आहे. शेजारी दोरीला पेन बांधलं आहे. अपिलाची मुदत अजून गेलेली नाही.

आता पाणी तर तुम्हीही पाहिलंत. धार बोटभर होती, हेसुद्धा तुम्हाला माहीत आहे. पहिल्या सहीची जागा रिकामी आहे. दुसरी करायला तुमची काही हरकत नाही, याची तांडेलाला पूर्ण कल्पना आहे. त्याने तुमचं तिकीट फाडूनच ठेवलंय.